सगळा दोष अडीच मिलिमीटरचा

आधीच सांगून ठेवतो, मध्येच हसायचं नाही. चहा घ्या, खारी घ्या, पण हसायचं नाही. ही फजिती माझी आहे, आणि अख्खा ग्रुप आधीच माझ्याकडे बघून पोट धरून हसून झालाय. त्यात तुमची भर नको.

आता तुम्ही म्हणाल, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी माणसाला सायकलला पॉवर मीटर लावायची अवदसा आठवतेच कशी? विचारा, विचारा. संगीतानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, हेच विचारलं होतं. उत्तर एका शब्दात आहे. म्हसके!

म्हसके माझा शाळेपासूनचा मित्र. सिन्नरला एका कारखान्यात सुपरवायझर आणि आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपचा कप्तान. कप्तान त्याला कोणी केलं विचारू नका, त्यानंच केलं. तर एका रविवारी आम्ही इगतपुरीहून परत येत होतो. समोरून असला वारा, की पॅडल मारतोय की चिखल तुडवतोय कळेना. वाडीवऱ्ह्यापासून पुढे मी सगळ्यांच्या पुढे राहिलो. वारा मी अंगावर घेतला आणि बाकीचे माझ्या आडोशानं आले. निदान मला तरी तसंच आठवतंय.

शहरात शिरल्यावर टपरीवर चहा घेताना मी सहज म्हणालो, "आज तुम्हा सगळ्यांना मी ओढत आणलं बरं का."

म्हसके ग्लास तोंडाशी नेता नेता थांबला. "कोणी? तू?"

"मग काय तू?"

"अरे बाबा, तू तर माझ्या मागच्या चाकाला लटकून आला! मी दोनदा मागं वळून पाहिलं, दोन्ही टायमाला तू तिथंच. मला वाटलं, आज पाहुणा सोबत आणलाय का काय!"

सगळे हसले. चेष्टेवारी नेऊन सोडूनही दिलं असतं हो मी, पण त्यात एक गोम होती. पुढच्या महिन्यात सिन्नरच्या ग्रुपशी आमची शर्यत ठरलेली. चौघाचौघांची टीम, नाशिक ते सापुतारा. तीन नावं पक्की झाली होती आणि चौथ्या जागेवर माझा डोळा होता. आता कप्तानच म्हणायला लागला की हा लटकून येतो, तर जागा कोण देणार मला?

"तोंडानं नाय, आकड्यानं दाखव," म्हसके म्हणाला. "अंजनेरी फाट्याला जाऊन ये. सरासरी सव्वाशे वॅट दाखव, चौथी जागा तुझी. आपली टीम काय ऑलिम्पिकला चालली नाय. सव्वाशे लय झाले."

"सव्वाशे? झोपेत मारीन!" मी म्हणालो.

हे वाक्य जरा लक्षात असू द्या. मी मात्र विसरायचा प्रयत्न करतोय.

आता ही वॅटची भानगड काय ते सांगतो. सायकलचं पॅडल ज्या दांड्याला लावलेलं असतं, त्याला क्रँक आर्म म्हणतात. डावीकडचा दांडा काढायचा, त्याच्या जागी सेन्सरवाला दांडा लावायचा. पाय किती जोर लावतोय हे तो मोजतो आणि हँडलवरच्या इवल्याशा स्क्रीनवर आकडा दाखवतो. झालं. काय अवघड आहे?

काय अवघड आहे म्हणे! पोरीचं लग्न जुळवणं परवडलं. आधी म्हणे तुमच्या सायकलचा उजवा क्रँक कुठल्या जातीचा ते बघा, कारण मधल्या दांड्याच्या टोकाला जे दाते असतात ते नव्याच्या आत बरोबर बसले पाहिजेत. मग म्हणे फ्रेम आणि आर्म यांच्यात जागा किती ते बघा, कारण सेन्सरची डबी आतल्या बाजूला असते, ती फ्रेमला घासायला नको. मी कॅरमची सोंगटी घेऊन सायकलखाली आडवा झालो आणि ती मधून आरपार जाते का बघायला लागलो.

संगीता वरून म्हणाली, "अहो, तुमच्या कॉलेजात मोजायचं काही यंत्र नाही का? सोंगट्या कसल्या घालताय?"

"ते लॅबचं आहे. घरी आणता येत नाही."

हो, सांगायचं राहिलंच. मी पॉलिटेक्निकमध्ये मास्तर आहे. शिकवतो काय? इंजिनिअरिंग ड्रॉइंग! दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितो, 'मोजल्याशिवाय माप लिहायचं नाही.' पोरं माझी नक्कल करतात त्यावरून.

सोंगटी आरपार गेली. दातेही जुळले. राहिली लांबी. दांडा एकशे सत्तर मिलिमीटरचा असतो, एकशे साडेबहात्तरचा असतो, एकशे पंच्याहत्तरचाही असतो. उजवा ज्या मापाचा, त्याच मापाचा डावा हवा. माप आर्मच्या आतल्या बाजूला कोरलेलं असतं. पण तोवर मी सायकल जुन्या नाशकात रफिकचाचांच्या दुकानात सर्व्हिसिंगला देऊन आलो होतो. आणि त्याच दिवशी, कॉलेजातून घरी येताना, द्वारका चौकात सिग्नलला उभा असताना मोबाइल बघतो तर काय, वेबसाइटवर लिहिलेलं, 'शेवटचा एकच नग शिल्लक'!

तिथल्या तिथे फोन लावला.

"चाचा, माझ्या सायकलचा क्रँक किती लांबीचा आहे? आतून लिहिलेलं असतं, जरा बघा ना!"

"थांबा साहेब, ग्रीस पुसतो." मागे भांड्यांच्या दुकानातली ठोकाठोक चाललेली. माझ्या शेजारी एक ट्रक, त्याच्या मागे एसटी, आणि सिग्नल सुटायला दोन सेकंद असताना अख्ख्या द्वारकेनं एकदम हॉर्न वाजवला.

चाचा म्हणाले, "साधे, पहा... सत्तर हाय."

"सत्तर?"

"हां हां, त्येच!"

धंद्यातली माणसं एकशे कुठं म्हणत बसतात, सत्तर म्हणजे एकशे सत्तर हे मला ठाऊक होतं. मी गाडी कडेला घेतली आणि एकशे सत्तरवर बोट दाबून मोकळा झालो. मोजलं नाही, बघितलं नाही, फोटो मागवला नाही. एवढंच काय, परत एकदा फोनसुद्धा केला नाही. मास्तर म्हणे!

पाच दिवसांनी पार्सल आलं. मी सायकल घरी घेऊन आलोच होतो. रफिकचाचा भाच्याच्या लग्नाला मालेगावला गेलेले, ते यायला आठवडा. आठवडाभर कोण थांबतो? दोन तर स्क्रू. मी गॅलरीत बसून स्वतःच जुना दांडा काढला, नवा लावला, स्क्रू आवळले, आणि बायकोला मोठ्या ऐटीत हाक मारली. तिनं बाहेर येऊन बघितलं आणि म्हणाली, "दिसतोय तर जुन्यासारखाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्र्यंबक रोडनं अंजनेरी फाटा. जाऊन आलो. जीव तोडून मारलं हो! महिरावणीच्या पुढे तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. घरी येऊन स्क्रीन बघितली. सरासरी चौऱ्याण्णव.

चौऱ्याण्णव!

मी स्क्रीन पुसली. चौऱ्याण्णव. चष्मा पुसला. तरी चौऱ्याण्णवच. आणि वर कहर काय, मी हौसेनं असं सेटिंग करून ठेवलेलं की राइड संपली की आकडा आपोआप ग्रुपवर जावा. म्हसकेचा मेसेज माझ्या आधी घरी पोहोचला होता. "झोपेत मारले का रे?"

आता इथं एखाद्या शहाण्या माणसानं काय केलं असतं? कमी पडलो म्हणून कबूल केलं असतं आणि गप बसला असता. मी कागदपत्रं वाचायला बसलो. त्यात सापडलं की हे यंत्र फक्त डाव्या पायाचा जोर मोजतं आणि त्याची दुप्पट करतं. मला असा आनंद झाला म्हणता!

"बघ!" मी संगीताला म्हणालो. "माझा सगळा जोर उजव्या पायात आहे. डावा नाजूक आहे."

"एकवीस वर्षं झाली लग्नाला. डावा नाजूक आहे हे आजच कळलं?"

"मोजलं नव्हतं ना कधी."

मग सुरू झाली डाव्या पायाची तालीम. जिना डाव्या पायावर चढायचो. दात घासताना डाव्या पायावर उभा राहायचो. गॅलरीत डाव्या पायावर पन्नास उड्या मारायचो, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन म्हणाल्या, "पापड लाटायचं मशिन घेतलंत का हो?" शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही पाय दाबून पाहिले, वाकवून पाहिले, टेपनं मोजले आणि म्हणाले, "दोन्ही अगदी सारखे आहेत. सारखेच मऊ."

मी त्यांना थोडं समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मग मी सायकल घेऊन तडक रफिकचाचांकडे. ते नुकतेच लग्नाहून आलेले. चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन त्यांनी डाव्या दांड्याच्या आत पाहिलं, उजव्याच्या आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, हा सत्तर कशाला लावला?"

"तुम्हीच म्हणालात सत्तर!"

"मी? या अल्ला! मी बोललो साडेबहात्तर. एकदम साफ बोललो. साडे-बहात्तर!"

म्हणून बघा तुम्ही. मोठ्यानं म्हणा, आणि बाजूला ट्रकचा हॉर्न वाजतोय असं समजा. साडेबहात्तर. साधे, पहा, सत्तर. आहे की नाही? सांगा ना, यात माझी काय चूक?

"आणि मी 'सत्तर?' विचारलं तेव्हा तुम्ही 'हां हां त्येच' का म्हणालात?"

"मला 'बहात्तर' ऐकू आलं. इथं ठोकाठोक काय कमी असती का?" चाचा हात पुसत म्हणाले. "आन साहेब, तुम्ही तर मापाचे मास्तर ना?"

तोंडात मारल्यासारखं झालं. पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्याच क्षणी मला इतकं हलकं वाटलं की काय सांगावं! डावा एकशे सत्तर, उजवा एकशे साडेबहात्तर. अडीच मिलिमीटरचा फरक! म्हणजे पाय नाजूक नाही, मी कच्चा नाही, माझा जोर अडकलाय तो या अडीच मिलिमीटरमध्ये. गंमत म्हणजे चाचांनी सांगेपर्यंत मला काहीच जाणवलं नव्हतं. त्यानंतर मात्र दुकानातून घरी येईपर्यंत सायकल डावीकडे झुकायला लागली आणि दोन दिवस मी घरात लंगडत चाललो.

ग्रुपवर सविस्तर मेसेज टाकला. आकृती काढून, बाण दाखवून. 'डावा दांडा आखूड असल्याने माझी खरी शक्ती नोंदली जात नाही.' म्हसकेचा फोन आला.

"किती आखूड?"

"अडीच मिलिमीटर."

"म्हणजे तांदळाची कणी. कणीनं एकतीस वॅट खाल्ले?"

"तुला तांत्रिक कळत नाही, म्हसके."

"नसंल कळत. दांडा बदल आन पुन्हा दाखव."

बदल! बदलून यायला तीन आठवडे आणि शर्यत दहा दिवसांवर. मी हट्टाला पेटलो. ग्राफपेपर काढला, गणितं मांडली, आणि बरोबर मापाचा दांडा असता तर माझी सरासरी एकशे सव्वीस आली असती असं सिद्ध करून दाखवलं. सकाळी नाश्त्याला तेच, दुपारी डब्याला तेच, जेवताना तेच. संगीता तीन दिवस ऐकत होती. चौथ्या दिवशी रविवार होता, पण ग्रुपला सुट्टी होती. तिनं पोळ्यांचा डबा बंद केला, ती शिकवते त्या शाळेच्या क्रीडादिनाचा ट्रॅकसूट चढवला आणि म्हणाली, "काढा ती सायकल."

"कशाला?"

"बघू तुमची कणी किती खाते ते."

"अगं, अंजनेरी म्हणजे काय भाजी आणायला जाणं आहे का?"

"निफाडच्या शाळेला रोज नऊ किलोमीटर जायचे आणि नऊ यायचे मी. बाबांच्या सायकलनं, दांडीखालून पाय घालून. मागे द्राक्षाची पेटी असायची ती वेगळीच." हे तिनं मला एकवीस वर्षांत कितीदा सांगितलं असेल देव जाणे. मी कधी मनावर घेतलं नव्हतं. तिनं सीट खाली घेतली, हेल्मेट घातलं आणि निघाली.

मी आपला काळजीपोटी स्कूटरवर मागे. वाटलं, सातपूरला थकेल, मग सायकल ओढून आणावी लागेल. सातपूर गेलं. महिरावणी गेलं. चढाला ती उभी राहून पॅडल मारायला लागली, आणि मी मागून ओरडलो, "गिअर बदल, गिअर!" ती न बघता म्हणाली, "तुम्ही हॉर्न वाजवू नका फक्त."

घरी आलो. ती पाणी प्यायली, सायकल भिंतीला टेकवून आंघोळीला गेली. मी हळूच स्क्रीन बघितली.

एकशे एकतीस.

तोच दांडा. तेच अडीच मिलिमीटर. मी जमिनीवरच बसलो. आणि इथं, मित्रहो, खरी घाण केली. सेटिंग तसंच होतं ना! आकडा ग्रुपवर गेला होता, माझ्या नावानं. मोबाइल टणटण वाजायला लागला. 'वा सर!' 'जबरदस्त!' 'दांड्यावर मात केली!' आणि म्हसके: 'अभिनंदन. चौथी जागा तुझी. संध्याकाळी चहाला येतो.'

मी काय केलं असेल? खरं सांगायला हवं होतं, कळत होतं मला. एक ओळ टाकायची, 'हे आमच्या सौभाग्यवतींचे.' बोट की-बोर्डवर गेलंही. आणि मी लिहिलं, 'धन्यवाद. आज लय सापडली.'

मला माझीच लाज वाटली हो. पण सापुतारा डोळ्यांपुढे दिसत होता, त्याला काय करू?

संध्याकाळी पाचला म्हसके आला. सोबत पाव किलो पेढे. संगीतानं चहा ठेवला. म्हसकेनं पेढा माझ्या हातात दिला आणि विचारलं, "काय रे, चढाला कसं वाटलं?"

"ठीक. श्वास सांभाळला."

"आन वारा?"

"समोरून होता थोडा. पण मी दाबून मारलं."

"हां, दाबलं तर तू. मी पाहिलं ना."

मी पेढा न चावताच गिळला.

"आज सकाळी मी घरच्यांना घेऊन त्र्यंबकहून येत होतो," म्हसके शांतपणे म्हणाला. "महिरावणीच्या चढाला समोरून पाहातो तर काय, पुढं वहिनी तुझ्या सायकलवर, आन मागं तू. स्कूटरवर! स्कूटर असूनपण तू लटकूनच येत होता रे!"

स्वयंपाकघरातून पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. संगीता दारात. "म्हणजे? माझा आकडा यांच्या नावावर गेला?"

"गेला, वहिनी. आन यानं वर धन्यवादपण लिहिला." म्हसकेनं मोबाइल तिच्यापुढे धरला. "सकाळपासून वाट पाहतोय, आता बोलंल, मग बोलंल. नाय बोलला."

तिनं 'आज लय सापडली' वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"सॉरी," मी म्हणालो. "चूक झाली. खरंच झाली. उद्या ग्रुपवर लिहितो सगळं."

"आत्ता लिहा," ती म्हणाली. मी लिहिलं. दोघं वाचत उभे होते, म्हणून शुद्धलेखन तपासून लिहिलं.

"तर चौथी जागा वहिनींची," म्हसके म्हणाला. "याल ना, वहिनी? सिन्नरवाल्यांना जरा दाखवू."

मला वाटलं, ती नाही म्हणेल. पेपर तपासायचे आहेत, घरात पाहुणे येणार आहेत, असलं काहीतरी. तिनं पेढा उचलला. "येईन की. पण तो दांडा बदलायला पाठवू नका हं. माझ्या पायांना सत्तरच बरोबर बसतोय. उलट चाचांना सांगून उजवाच सत्तरचा लावून घेऊ."

"अगं, पण मग मला ती सायकल..." मी उठून सुरुवात केली.

"अहो," ती पेढा खात म्हणाली, "आणि उठलाच आहात तर सीट अजून बोटभर खाली घ्या. सकाळी जरा उंच होत होती."

म्हसके चहा पीत बघत होता. मी ॲलन की शोधली, सायकलपाशी उकिडवा बसलो आणि सीट बोटभर खाली घेतली. यावेळी मात्र मोजून.